पुण्यातील जुन्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचे नूतनीकरण: आधी गाळाची वाट मोकळी करावी लागेल

मुठाकाठ

पुण्याच्या मैलापाण्याची चर्चा गेली अनेक वर्षे क्षमतेच्या आकड्याभोवती फिरत आली आहे. महापालिकेची जुनी नऊ केंद्रे, म्हणजे भैरोबा नाला 130, नायडू 115, एरंडवणे 50, मुंढवा 45, खराडी 40, विठ्ठलवाडी 32, बाणेर 30, बोपोडी 18 आणि तानाजीवाडी 17, मिळून 477 एमएलडीची आहेत (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर). दिवसाला 47 कोटी 70 लाख लिटर मैलापाणी हाताळता यावे, या बेताने ती बांधली गेली. त्यांत जपानच्या ‘जायका’ या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या कर्जसाहाय्याने मंजूर झालेल्या 11 नव्या केंद्रांची 396 एमएलडी क्षमता मिळवली की 873 हा आकडा येतो, आणि बहुतेक लेख व भाषणे त्या बेरजेपाशी थांबतात. ही बेरीज करताना जुनी 477 एमएलडी क्षमता जशीच्या तशी शाबूत आहे, असे गृहीत धरलेले असते. ते गृहीतक मला मान्य नाही, म्हणून चर्चामंचावर हा धागा केवळ जुन्या केंद्रांसाठी उघडत आहे.

ज्या काळात यांतील बरीच केंद्रे आखली गेली, त्या काळी नदीत सोडण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे 30 मिलिग्रॅम बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजे त्या घाणीचे माप) आणि 100 मिलिग्रॅम तरंगते घन ही सर्वसाधारण मर्यादा होती. ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने महानगरांसाठी बीओडी 20 वर आणला. त्यानंतर एप्रिल 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मोठ्या शहरांसाठी बीओडी 10, तरंगते घन 20, एकूण नायट्रोजन 10 आणि एकूण फॉस्फरस 1 मिलिग्रॅम असे कडक मापदंड घालून दिले. यांतील शेवटच्या दोन गोष्टींचा जुन्या केंद्रांच्या रचनेत विचारच झालेला नव्हता. त्यामुळे केवळ पंप बदलणे, रंगरंगोटी करणे आणि नवे पॅनेल बसवणे एवढ्याला नूतनीकरण म्हणता येणार नाही.

माझा मुख्य मुद्दा मात्र गाळाचा आहे. सक्रिय गाळ पद्धतीत, म्हणजे टाकीत हवा देऊन जिवाणूंकडून घाण खाववण्याच्या पद्धतीत, मैलापाण्यातील घाण नाहीशी होत नाही. तिचा काही भाग निवळण टाकीत तळाला बसतो, काही भाग जिवाणू खातात आणि स्वतः वाढतात, आणि हे सारे शेवटी गाळाच्या रूपाने साचते. एक दशलक्ष लिटर मैलापाण्यामागे साधारण 200 किलो कोरडा गाळ धरला, तर 130 एमएलडीच्या केंद्रात तो दिवसाला 26 टन भरतो. पाचक टाक्या, म्हणजे गाळ हवेविना कुजवणाऱ्या बंद टाक्या, उत्तम चालल्या तर त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग गॅस होऊन निघून जातो. उरलेल्या 17 टनांतले पाणी सेंट्रिफ्यूजने (वेगाने फिरवून गाळ पिळणाऱ्या यंत्राने) काढल्यावरही त्या लगद्यात चार भाग पाणी आणि एक भाग घन पदार्थ असतो, म्हणजे रोज 85 टन ओला गाळ केंद्राच्या दाराबाहेर गेला पाहिजे. हे काम दिवाळीतही आणि आषाढातल्या संततधारेतही करावे लागते. पावसाळ्यात वाळवण वाफे निकामी होतात, सेंट्रिफ्यूज दुरुस्तीला गेलेले असते, गाळ घेणारे कोणी नसते, आणि मग तो टाक्यांमध्येच राहू दिला जातो. काही दिवसांत अंतिम निवळण टाकीतील गाळाचा थर वर चढतो आणि रात्रीच्या किंवा सकाळच्या वाढत्या प्रवाहाबरोबर काठावरून नदीत जातो. पाणी शुद्ध करण्यासाठी वीज जाळायची, घाण गोळा करायची आणि तीच पुन्हा नदीला द्यायची, असा हा प्रकार आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, जुन्या केंद्राच्या नूतनीकरणाचा पहिला टप्पा गाळ घट्ट करणे, पचवणे, पिळणे आणि बाहेर नेणे यांच्यासाठी असावा. पाण्याच्या बाजूची पद्धत कोणती निवडायची हा प्रश्न त्यानंतरचा आहे. या क्षेत्रात काम केलेल्या सदस्यांनी यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त अभियंता

मुठाकाठ यांनी योग्य जागी बोट ठेवले आहे, परंतु मी त्यांच्याही एक पाऊल मागे जाईन. गाळाची वाट बंद पडते ती बहुधा रेतीमुळे. आपल्याकडचे मैलापाणी बऱ्याच ठिकाणी नाल्यांतून अडवून पंपिंग स्टेशनला आणले जाते, त्यामुळे त्याच्याबरोबर माती, बांधकामाचा राडारोडा, प्लास्टिक, केसांचे आणि चिंध्यांचे पुंजके असे सगळे येते. प्रवेशाच्या जाळ्या आणि रेतीकुंड हे दोन भाग नीट काम करत नसतील, तर पुढची प्रत्येक टाकी हळूहळू भरत जाते. सेवेत असताना मी एका केंद्रातील पाचक टाकी साफसफाईसाठी उघडलेली पाहिली आहे. तिचा मोठा हिस्सा रेती आणि चिंध्यांनी घट्ट भरलेला होता. कागदावर जी टाकी गाळाला वीस दिवस ठेवणार होती, ती प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही दिवस ठेवू शकत नव्हती. गॅस कमी येतो अशी तक्रार तिथे बरीच वर्षे होती, आणि त्याचे खापर जिवाणूंवर फोडले जात होते.

जुन्या केंद्राचे वयोमान ठरवताना दोन वेगळी घड्याळे पाहावी लागतात. केंद्रीय नियमपुस्तिकेनुसार काँक्रीटच्या बांधकामाचे आयुष्य 30 वर्षे आणि यंत्रसामग्रीचे 15 वर्षे धरतात. म्हणजे बरीच जुनी केंद्रे आज अशा अवस्थेत आहेत की यंत्रे संपली आहेत, पण टाक्या वापरण्याजोग्या आहेत. त्यालाही अपवाद आहे. प्रवेश-कुंडात आणि बंदिस्त वाहिन्यांत मैलापाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो, छताच्या ओलसर भागावरचे जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात, आणि पाण्याच्या पातळीच्या वरचे काँक्रीट भुसभुशीत होऊन आतल्या सळया उघड्या पडतात. पाण्याखालचा भाग ठणठणीत असताना वरचा भाग हाताने खरवडून निघावा, असे दृश्य असते. त्यामुळे निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक टाकी रिकामी करून तिची तपासणी व्हायला हवी. ही तपासणी वाचवून केलेले अंदाजपत्रक काम सुरू झाल्यावर हमखास कोलमडते.

सूक्ष्मदर्शक

मी सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. गाळ वेळेवर बाहेर गेला पाहिजे हे मान्य आहे, पण ‘गाळ काढा’ एवढेच सांगितले तर नायट्रोजनच्या बाबतीत आपण उलट दिशेला जाऊ. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो, त्याला आम्ही गाळाचे वय म्हणतो. केवळ बीओडी काढण्यासाठी तीन-चार दिवसांचे वय पुरते. नायट्रोजन 10 मिलिग्रॅमच्या आत आणायचा असेल, तर आपल्या हवामानातही आठ ते दहा दिवसांच्या आसपास जावे लागते, कारण डिसेंबर-जानेवारीत पाणी गार झाल्यावर हे जिवाणू मंदावतात. त्याहून लवकर गाळ काढला तर ते वाढण्याआधीच वाहून जातात.

याचा क्षमतेवर होणारा परिणाम फारसा बोलला जात नाही. गाळ अधिक दिवस ठेवायचा म्हणजे टाकीत तो अधिक प्रमाणात साठणार, आणि अंतिम निवळण टाकी एका मर्यादेपलीकडे दाट द्रव निवळू शकत नाही. शिवाय नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूत करण्यासाठी टाकीचा काही भाग हवेविना ठेवावा लागतो. जुन्या केंद्रांत मैलापाणी वायुवीजन टाकीत, म्हणजे हवा देण्याच्या टाकीत, चार ते सहा तास राहते. नायट्रोजन काढणाऱ्या रचनेत त्याच्या दुपटीच्या आसपास वेळ लागतो. सरळ अर्थ असा की, टाक्या तेवढ्याच ठेवल्या आणि मापदंड नवे लावले, तर 130 एमएलडीचे केंद्र सुमारे निम्म्या क्षमतेचे उरते. धागाकर्त्यांनी 873 च्या बेरजेविषयी घेतलेली शंका म्हणूनच मला अगदी रास्त वाटते.

हवेचा हिशेबही मांडून पाहावा. 130 एमएलडी पाण्यातून लिटरमागे 150 मिलिग्रॅम बीओडी काढायचा तर दिवसाला 19 ते 20 टन बीओडी होतो आणि त्याला साधारण तेवढाच किंवा थोडा अधिक प्राणवायू लागतो. लिटरमागे 30 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करायचे असेल, तर रोज 3.9 टन नायट्रोजन होतो, आणि दर किलोला 4.57 किलो या हिशेबाने जवळजवळ 18 टन प्राणवायू आणखी लागतो. म्हणजे मागणी दुपटीजवळ जाते. नायट्रेटचा वायू करताना दर किलोमागे 2.86 किलो प्राणवायूची बचत होते, ती वजा करूनही भार मोठाच राहतो. पृष्ठभागावर पाणी घुसळणारी जुनी यंत्रे हे काम परवडेल अशा विजेत करू शकणार नाहीत. तळाशी बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर आणि विरघळलेला प्राणवायू मोजून वेग कमीजास्त करणारे ब्लोअर (हवा फुंकणारी यंत्रे) लागतील. या एका बदलाने खर्च झालेल्या प्रत्येक युनिटमागे जास्त प्राणवायू मिळतो, हे नक्की.

मुठाकाठ

@सूक्ष्मदर्शक, आपला आक्षेप योग्य आहे आणि त्यामुळे माझा मुद्दा अधिक नेमका मांडता येतो. गाळ किती काढायचा हे प्रक्रियेने ठरवावे, वाळवण वाफ्यातल्या रिकाम्या जागेने ठरवू नये. गाळाचे वय नऊ दिवस ठेवायचे असे ठरवले, तर रोज टाकीतील एक नवमांश गाळ बाहेर काढता आलाच पाहिजे. कोणत्या दिवशी शून्य आणि कोणत्या दिवशी तिप्पट, असे झाले तर नऊ दिवसांचे वय कागदावरच राहील. नायट्रोजनचे मापदंड पाळण्यासाठीसुद्धा गाळाची यंत्रणा आधी भरवशाची व्हायला हवी, हे आपल्या लिहिण्यातूनच सिद्ध होते.

दौंडकर

मी तांत्रिक माणूस नाही. दौंड तालुक्यात ऊस आणि थोडी तरकारी करतो. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले प्रक्रिया केलेले पाणी बेबी कालव्याने आमच्याकडे येते, त्यामुळे आपण ज्याला निर्गम पाणी म्हणता ते आमच्यासाठी आवक पाणी आहे. एक हिशेब मी मांडतो, चुकत असेल तर दुरुस्त करावा. शहराने धरणांतून घेतलेल्या पाण्याच्या बदल्यात वर्षाला 6.5 टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी शेतीला परत द्यायचे, असे ठरलेले आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे 28.3 अब्ज लिटर. त्यावरून रोजचे 504 एमएलडी होतात. जुन्या सर्व केंद्रांची मिळून क्षमताच 477 एमएलडी आहे. म्हणजे ही केंद्रे पूर्ण क्षमतेने आणि एकही दिवस बंद न पडता चालली, तरी ठरलेले पाणी भरत नव्हते. मग कालव्यात जे येते त्यात कमी शुद्ध झालेले पाणी किती असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

या पाण्यात नत्र असते म्हणून शेतकऱ्याचा फायदाच आहे, असे शहरातील काही मंडळी म्हणतात. उसाच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. वाढीच्या काळात नत्र लागते हे बरोबर, पण पाण्यातून ते तोडणीपर्यंत मिळत राहिले तर ऊस हिरवा राहतो, लोळतो, पक्व व्हायला उशीर लागतो आणि साखरेचा उतारा घटतो. आम्ही रासायनिक खताचा हप्ता थांबवू शकतो, कालव्यातले नत्र थांबवू शकत नाही. पालेभाजी करणाऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे, कारण जंतू असलेले पाणी पानांवर पडते. आणि मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, आणि 117 टीएमसीच्या त्या धरणावर सोलापूर शहर पिण्याच्या पाण्यासाठी अवलंबून आहे. उजनीतल्या जलपर्णीला आणि हिरव्या शेवाळाला खाद्य लागते ते याच नत्राचे आणि स्फुरदाचे, म्हणजे नायट्रोजनचे आणि फॉस्फरसचे. त्यामुळे नूतनीकरणाच्या सल्लामसलतीत पुण्याबाहेरच्या माणसाला बोलावण्याची पद्धत असावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

नवे बांधा

इतका ऊहापोह करण्यापेक्षा जुनी केंद्रे पाडून त्याच जागेवर पडदा-गाळणीची, म्हणजे मेंब्रेन पद्धतीची नवी केंद्रे उभारावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा कमी लागते, अंतिम निवळण टाकीची गरज राहत नाही, आणि पाणी इतके स्वच्छ मिळते की ते उद्योगांना विकता येते. नायडू रुग्णालयाजवळच्या 90 एमएलडीच्या जुन्या केंद्राच्या बाबतीत (हे वरच्या यादीतल्या 115 एमएलडीच्या केंद्राहून वेगळे) पाडून नवे बांधण्याचाच मार्ग घेतला गेला. शहरात जमिनीचा भाव पाहता तोच व्यवहार्य आहे.

निवृत्त अभियंता

@नवे बांधा, पडदा-गाळणीच्या पद्धतीला माझा तत्त्वतः विरोध नाही, आणि जिथे जागाच नाही तिथे ती अपरिहार्य ठरेल. पण तिच्या अटी पूर्ण वाचायला हव्यात. या पडद्यांना दोन मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक जाळीतून गाळलेले पाणी लागते, कारण केस आणि धागे त्यांत गुंतून बसतात. आपल्या नाल्यांतून येणाऱ्या मैलापाण्यात तेच सर्वांत जास्त असतात. पडदे ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात, ते रसायनांनी वरचेवर धुवावे लागतात, आणि त्यांच्यावर सतत हवा सोडत राहावे लागते म्हणून विजेचा खर्च नेहमीच्या पद्धतीपेक्षा ठळकपणे जास्त येतो. पावसाळ्यात प्रवाह अचानक वाढला तर पडद्यातून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक पाणी जातच नाही, आणि उरलेले पाणी कुठे जाते ते आपण जाणतो. आणि मूळ मुद्दा कायम राहतो: पडदे लावले म्हणून गाळ थांबत नाही. तो तेवढाच तयार होतो, आणि बाहेर काढला नाही तर पडदे गुदमरतात.

टाक्या धडधाकट असतील तर मधला मार्ग आहे. वायुवीजन टाकीत प्लास्टिकचे तरंगते किंवा जाळीत बसवलेले माध्यम टाकले की संथ वाढणारे जिवाणू त्याच्यावर चिकटून राहतात, गाळाबरोबर वाहून जात नाहीत, आणि त्याच टाकीतून जास्त काम घेता येते. त्यावर फॉस्फरससाठी लोहक्षार किंवा तुरटीची मात्रा आणि शेवटी कापडी चकत्यांची गाळणी जोडली, तर बीओडी 10 आणि तरंगते घन 20 हे मापदंड आवाक्यात येतात. रसायनाने फॉस्फरस बसवला की गाळ आणखी वाढतो, हेही हिशेबात धरावे.

गोदातीर

नाशिकचा अनुभव इथे उपयोगी पडेल असे वाटते. आमच्याकडे तपोवनचे 130 एमएलडीचे आणि आगरटाकळीचे 110 एमएलडीचे केंद्र यूएएसबी पद्धतीवर बांधले गेले. या पद्धतीत मैलापाणी खालून वर गाळाच्या थरातून जाते, हवा द्यावी लागत नाही, गॅस मिळतो आणि वीज फारच कमी लागते. बीओडी 30 पुरेसा होता तेव्हा त्यानंतरच्या तळ्यांच्या जोडीने हे धकून गेले. बीओडी 10 मागितला जाऊ लागल्यावर मात्र पद्धतीची मर्यादा उघड झाली, कारण तिच्यातून अमोनिया जवळजवळ जसाच्या तसा बाहेर येतो. आणि इथे एक पेच आहे. नायट्रेटचा वायू करणाऱ्या जिवाणूंना अन्न म्हणून कार्बन लागतो, आणि तो तर आधीच्या टाकीत गॅस होऊन गेलेला असतो. म्हणून यूएएसबीच्या पुढे नायट्रोजन काढणारी टाकी जोडताना कच्च्या मैलापाण्याचा काही हिस्सा आधीच्या टाकीला वळसा घालून थेट पुढे न्यावा लागतो. वीज वाचवायची की नायट्रोजन काढायचा, ही ओढाताण त्या रचनेतच आहे.

2027 च्या कुंभमेळ्यासाठी गोदावरीचे पाणी स्नानायोग्य असावे, ही अपेक्षा आहे. केंद्रांचा विस्तार आणि सुधारणा त्यासाठीच व्हायला हव्यात, पण तारीख ठरलेली असली की दिसणाऱ्या कामांना आधी पैसा मिळतो. घाटाचा दगड दिसतो, गाळ पिळणारे यंत्र दिसत नाही. पुण्यातील सदस्यांनी नदीकाठच्या सुशोभीकरणाच्या संदर्भात हे जरूर तपासावे.

आकडेमोड

मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे पैशाच्या बाजूने लिहितो. जायका प्रकल्पाला जानेवारी 2016 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्याचा खर्च 990.26 कोटी रुपये होता, आणि त्यातील 85 टक्के वाटा केंद्राचा व 15 टक्के महापालिकेचा होता. निविदांचे दर अंदाजापेक्षा बरेच वर आल्याने ती प्रक्रिया पुन्हा करावी लागली. याचा धडा जुन्या केंद्रांनाही लागू आहे: अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष काम यांच्यात जितकी वर्षे जातात, तितका निविदेचा आकडा बदलतो. दरम्यान 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे हद्दीत आली, म्हणजे मैलापाण्याचे गृहीतकही बदलले.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते मोबदला कशाचा द्यायचा हे. मुंबईत 2464 एमएलडीच्या सात केंद्रांची कामे उभारणीबरोबर 15 वर्षांच्या संचालनासह दिलेली आहेत. ही दिशा चांगली आहे, कारण जो बांधतो त्यालाच चालवायचे असेल तर स्वस्त आणि टिकाऊ नसलेले यंत्र बसवण्याचा मोह कमी होतो. मात्र संचालनाचे देयक केवळ ‘किती पाणी हाताळले’ यावर निघत असेल, तर गाळ न काढता पाणी पुढे ढकलण्यातच कंत्राटदाराचा फायदा राहतो. सकाळी दहाला घेतलेला एक नमुना स्वच्छ असणे आणि रात्रीचे पाणी स्वच्छ असणे या भिन्न गोष्टी आहेत. चोवीस तासांचा, दर तासाला प्रवाहाच्या प्रमाणात घेतलेला एकत्रित नमुना हाच देयकाचा आधार असावा.

सूक्ष्मदर्शक

@आकडेमोड, आपल्या मुद्द्याला एक तपासणी जोडता येईल आणि ती सामान्य नागरिकालाही करता येते. केंद्रात किती घाण आली आणि किती पाण्याबरोबर बाहेर गेली, हे दोन आकडे माहीत असले की किती गाळ निघायला हवा होता याचा अंदाज बांधता येतो. आणि प्रत्यक्षात किती गाळ बाहेर गेला, ते वजनकाट्याच्या पावत्यांवरून कळते. दोन्हींत थोडाफार फरक समजण्यासारखा आहे. पण हिशेबाने महिन्याला 500 टन कोरडा गाळ निघायला हवा असताना पावत्या 200 टनांच्याच असतील, तर उरलेला गाळ एक तर टाक्यांत साचला आहे किंवा नदीत गेला आहे. तिसरी वाट नाही. निर्गम पाण्याचे अहवाल कितीही चांगले असोत, हा हिशेब जुळला नाही तर त्यांच्यावर विसंबू नये.

मुठाकाठ

हीच गोष्ट मी शोधत होतो. मी माहिती अधिकारात आजवर निर्गम पाण्याचे अहवाल मागत आलो. यापुढे प्रत्येक जुन्या केंद्राच्या प्रवेशाचा प्रवाह, प्रवेशाचे व निर्गमाचे बीओडी आणि तरंगते घन, आणि गाळाच्या वजनाच्या पावत्या असे एकत्र मागणार आहे. इतर शहरांतील सदस्यांनीही तसेच केले तर तुलना करता येईल.

एक प्रश्न निवृत्त अभियंत्यांना: नूतनीकरण चालू असताना मैलापाण्याचे काय करायचे? केंद्र बंद ठेवून काम करणे म्हणजे तेवढे महिने सगळे पाणी नदीत, आणि दौंडकरांच्या कालव्यात.

दौंडकर

हा प्रश्न आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. काम जर ऑक्टोबर ते मे या काळात करणार असाल, तर तोच आमचा सिंचनाचा हंगाम आहे, आणि नदीत मिसळायला दुसरे पाणीही त्या काळात नसते.

निवृत्त अभियंता

दौंडकर यांनी मांडलेली अडचण खरी आहे आणि तिचे सोपे उत्तर नाही. पावसाळ्यात खोदकाम आणि काँक्रीटचे काम नीट होत नाही, म्हणून कोरड्या महिन्यांतच ते करावे लागते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत नदीत पातळ करायला पाणी नसते. मार्ग एवढाच की केंद्र कधीही पूर्ण बंद करू नये. मोठ्या केंद्रांत टाक्या दोन किंवा अधिक समांतर रांगांत असतात. एक रांग रिकामी करून दुरुस्त करायची, तोवर बाकीच्या रांगांवर भार टाकायचा. उरलेल्या रांगांना जास्तीचा भार पेलवावा म्हणून त्यांतील डिफ्यूझर आणि ब्लोअर काम सुरू होण्याआधी बदलून घ्यायचे. येणाऱ्या पाण्यात आधीच रसायन टाकून प्राथमिक निवळण टाकीतच अधिक घाण बसवता येते. त्याने नायट्रोजनला फारसा फरक पडत नाही, पण बीओडीचा भार तात्पुरता बराच उतरतो. अर्थात यात गाळ वाढतो, म्हणून गाळ पिळणारी नवी यंत्रे आणि गाळ नेण्याची व्यवस्था ही सर्वांआधी उभी असली पाहिजे. या धाग्याच्या पहिल्याच नोंदीत जो क्रम सांगितला आहे, तो कामाच्या सोयीच्या दृष्टीनेही बरोबर ठरतो.

वीजपुरवठ्याचा मुद्दा कोणी काढला नाही, तो नोंदवतो. जिवाणूंना काही तास हवा मिळाली नाही तर नुकसान भरून येते, पण अधिक काळ गेला तर नायट्रोजन काढणारे जिवाणू पूर्ववत व्हायला कित्येक दिवस लागतात. दोन स्वतंत्र उपकेंद्रांवरून पुरवठा आणि निदान पंप व काही ब्लोअर चालतील एवढे जनित्र, हे नूतनीकरणाच्या यादीत वरच्या जागी हवे. पाचक टाक्या साफ करून गॅस इंजिने नीट चालवली तर केंद्राच्या विजेचा लक्षणीय वाटा तिथूनच मिळू शकतो.

वजनपावत्यांबाबत एक सावधगिरी. पावतीवर ओल्या गाळाचे वजन असते. लगद्यात 20 टक्क्यांऐवजी 12 टक्के घन असेल, तर तेवढ्याच कोरड्या गाळासाठी ट्रक जवळजवळ पावणेदोन पट दिसतील आणि हिशेब खोटा पण देखणा जुळेल. त्यामुळे दर खेपेच्या गाळाचा ओलावा प्रयोगशाळेत मोजून पावतीला जोडणे बंधनकारक करावे, आणि रेतीकुंडातून निघालेली रेती व जाळ्यांवरचा कचरा यांचे वजन वेगळ्या नोंदवहीत ठेवावे. मुठाकाठ, आपल्या अर्जात ओलाव्याच्या नोंदी आणि ही दुसरी नोंदवही या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख करा, नाहीतर केवळ एकूण टनांचा एक आकडा हाती येईल.